कुरुमेच्या हातगाड्या आणि हाडांचा पांढरा रस्सा

रामेन हा पदार्थ आज जपानची ओळख मानला जात असला, तरी त्याची मुळे जपानी बंदरांत स्थायिक झालेल्या चिनी लोकांच्या स्वयंपाकात आहेत. गव्हाच्या पिठात ‘कान्सुई’, म्हणजे कार्बोनेटयुक्त क्षारीय पाणी, मिसळून केलेले पिवळसर, लवचीक नूडल्स त्यांनीच तेथे रुजवले. १९१० मध्ये तोक्योच्या असाकुसा भागात निघालेल्या ‘राइराइकेन’ या खाणावळीने हा पदार्थ सामान्य गिऱ्हाइकापर्यंत नेला. मात्र तिचा रस्सा सोयासॉसचा आणि पातळ होता. दक्षिणेकडील क्यूशू बेटावर ज्या दाट, दुधाळ रश्शाची पुढे ख्याती झाली, त्याचा उगम वेगळा आहे.

नागासाकीत १८९९ मध्ये ‘शिकाइरो’ हे उपाहारगृह काढणाऱ्या, मूळच्या फूच्येन प्रांतातील चेन पिंगशुन यांनी गरीब चिनी विद्यार्थ्यांसाठी ‘चाम्पोन’ हा स्वस्त आणि पोटभरीचा पदार्थ रूढ केला, असे मानले जाते. त्यात डुकराच्या व कोंबडीच्या हाडांच्या रश्शातच भाज्या, मासळी आणि नूडल्स शिजवतात. ही चव ओळखीची असलेल्या परिसरातच, फुकुओका प्रांतातील कुरुमे शहरात, १९३७ मध्ये ‘नानकिन सेनर्यो’ ही ‘याताई’ उभी राहिली. याताई म्हणजे रात्री रस्त्याच्या कडेला मांडायची, छपराची हातगाडी. ‘तोन्कोत्सु’ रामेनचा, म्हणजे शब्दशः डुकराच्या हाडांच्या रामेनचा, आरंभ सामान्यतः या गाडीपासून धरला जातो.

तथापि, तिथला रस्सा आजच्यासारखा पांढरा नव्हता. हा बदल १९४७ मध्ये सुरू झालेल्या कुरुमेच्याच ‘सानक्यू’ या गाडीवर घडला, आणि तोही भांडे चुलीवर गरजेपेक्षा जास्त वेळ उकळत राहिल्यामुळे, असे सांगितले जाते. पाककलेतील शोधांना अपघाताची कथा जोडण्याची हौस सर्वत्रच आढळते, म्हणून तिच्यावर फार भिस्त ठेवू नये. पण रसायनाच्या दृष्टीने ती अशक्य नाही, कारण प्रखर आचेवर तासन्‌तास उकळलेल्या हाडांतील कोलॅजेनचे जिलेटिन होते आणि त्याच्या आधाराने चरबीचे सूक्ष्म थेंब पाण्यात तरंगत राहून रस्सा दुधासारखा दिसतो. कुरुमेत हे भांडे पूर्ण रिकामे न करता जुन्या रश्शात नव्याची भर घालत राहण्याची रीत असून तिला ‘योबिमोदोशी’, म्हणजे परत बोलावणे, म्हणतात.

हाच प्रकार दक्षिणेला कुमामोतोत पोहोचला, तेव्हा त्यात तळलेला लसूण आला. उत्तरेला हाकाता भागात मात्र त्याचे स्वरूप गिऱ्हाइकाच्या घाईने ठरवले. नागाहामाच्या मासळीबाजारातील कामगारांना उभ्या-उभ्या खाऊन कामावर परतायचे असे; म्हणून नूडल्स क्षणात शिजतील इतके बारीक झाले, आणि बारीक नूडल्स रश्शात लवकर मऊ पडत असल्यामुळे एकदम मोठा वाडगा देण्याऐवजी थोडेच वाढून, उरलेल्या रश्शात नूडल्सचा दुसरा घास टाकण्याची ‘काएदामा’ पद्धत रुळली. जी बाब आज चोखंदळपणाची खूण समजली जाते, ती अशी बाजाराच्या वेळापत्रकातून आलेली आहे.

कालांतराने हा धंदा बहुतांशी पक्क्या दुकानांत शिरला. फुकुओका शहराने २०१३ मध्ये याताईंसाठी स्वतंत्र नियमावली केली, तेव्हा या गाड्या उपजीविकेचे साधन असण्याबरोबरच पर्यटकांचे आकर्षणही झालेल्या होत्या.