सूरजागडचा इलाका

गडचिरोली जिल्ह्यातला सूरजागड इलाका सातबाऱ्यावर सापडत नाही. डोंगराभोवतालच्या सुमारे सत्तर गावांना माडिया आदिवासी इलाका म्हणतात. डोंगरावर ठाकूरदेव आहे, त्याला मानणारी गावं ती या इलाक्याची. गावांची पारंपरिक सभा, म्हणजे गोटुल समितीही, इलाक्याच्याच नावाने बसते.

सरकारी हद्दी मात्र बदलत गेल्या. हा मुलूख अहेरीच्या जमीनदारीत मोडत होता. 1854 मध्ये नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं आणि चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा, कारभार त्यांच्या हाती गेला. चारच वर्षांनी, 21 ऑक्टोबर 1858 ला, त्यांच्याविरुद्ध उठलेल्या बाबुराव शेडमाके यांना चांद्यात फाशी दिलं गेलं. पुढे जमीनदारी संपली, 1956 ला विदर्भ मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला, 1960 ला महाराष्ट्र झाला. 26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला. कागद बदलले, पण सत्तर गावं होती तिथेच राहिली.

मग 2007 साली डोंगरावर नवी रेघ आली. लोहखनिजासाठी लॉईड्स मेटल्सला 348.09 हेक्टरचा पट्टा मिळाला. 2016 ला खोदकाम सुरू झालं, त्याच डिसेंबरात माओवाद्यांनी वाहनं जाळली आणि काम थांबलं. 2021 पासून ते पुन्हा जोरात आहे. 2023 मध्ये वर्षाला 1 कोटी टन काढायची परवानगी मिळाली.

डोंगराच्या पायथ्याचं हेडरी आता शहराच्या कडेची वस्ती वाटू लागलंय. पोलिस आले, दवाखाना आला. हाताला काम मिळालेल्या पोरांना मी नावं ठेवणार नाही. दवाखाना तर हवाच होता. पण मोहाचा हंगाम आठवा. फुलं पडण्याआधी झाडाखालची जागा झाडून लख्ख करतात, पहाटे बायका टोपली घेऊन निघतात. एटापल्ली–आलापल्लीच्या वाटेवर त्याच झाडांच्या पानांवर आज ट्रकांची तांबडी धूळ बसते.

आदिवासी भागांसाठीचा 1996 चा पेसा कायदा जमीन घेण्याआधी ग्रामसभेचं म्हणणं घ्यायला सांगतो. खाण वाढवायची जनसुनावणी 2022 मध्ये झाली, तीही हेडरीत नव्हे, दूर गडचिरोलीत. मला हे फार लागलं. ज्यांचा देव त्या डोंगरावर आहे त्यांनीच आपलं गाऱ्हाणं घेऊन जिल्ह्याच्या गावी जायचं!

दर वर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ठाकूरदेवाची तीन दिवसांची यात्रा भरते. ढोल वाजतात, डोक्याला पिसं खोचलेली माणसं रानवाटांनी डोंगराकडे चढतात. इलाक्याची हद्द त्या तीन दिवसांत डोळ्यांनी दिसते.