बहुवारिकाचा स्फटिक वाढताना पाहणे

रंग न मिसळलेला पॉलिथीनचा कॅन काचेसारखा पारदर्शक नसतो, दुधाळ दिसतो. त्याच्या आत स्फटिकमय आणि विस्कळीत असे दोन्ही भाग असतात आणि त्यांतून जाताना प्रकाश विखुरतो. प्लास्टिक किती ताठ, किती चिवट, हेही बऱ्याच अंशी या स्फटिकांवरच ठरते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या संस्थांमध्ये बहुवारिकांवर, म्हणजे पॉलिमरवर, अनेक दशके संशोधन होत आले आहे.

बहुवारिक ही हजारो लहान घटकांची लांब साखळी असते. एवढी साखळी स्फटिकात बसते कशी? १९५७ मध्ये ब्रिस्टलच्या अँड्र्यू केलर यांनी उत्तर दिले: साडीसारख्या घड्या घालून. त्यातून साधारण १० नॅनोमीटर जाडीच्या पट्ट्या तयार होतात. त्यांना लॅमेला म्हणतात.

या पट्ट्या साध्या सूक्ष्मदर्शकात दिसत नाहीत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात दिसतात, पण त्याचा झोत बहुवारिकाची नासधूस करतो. त्यामुळे वाढ संपलेले स्फटिकच पाहायला मिळत. १९८६ मध्ये बिनिग, क्वेट आणि गर्बर यांनी अणुबल सूक्ष्मदर्शक (एएफएम) मांडला. तो पाहत नाही, चाचपतो. लवचीक पट्टीच्या टोकाला असलेली अतिसूक्ष्म सुई नमुन्यावरून फिरते. पट्टी किती वाकली हे तिच्यावरून परावर्तित होणारा लेसर किरण सांगतो. बहुवारिक मऊ असल्याने सुई घासत नेण्याऐवजी टिचक्या मारत नेतात. निर्वात पोकळी लागत नाही, नमुना खाली तापवताही येतो.

अडचण वेगाची. एका चित्राला अनेकदा काही मिनिटे लागतात. तेवढ्यात स्फटिक पुढे निघून जातो. म्हणून वितळणबिंदूच्या जवळचे तापमान निवडतात. तिथे वाढ मंदावते.

या पद्धतीने जे दिसले ते खरोखर अनपेक्षित होते. साध्या सूक्ष्मदर्शकात स्फटिकांचा गोल पुंजका एकसारख्या वेगाने फुगताना दिसतो. जवळून मात्र एक लॅमेला रेंगाळते, शेजारची पुढे धावते, मग तीही मंदावते. एकसारखा वेग ही केवळ सरासरी होती.

अर्थात सुईच वाढीत ढवळाढवळ करत असेल तर? तापलेल्या नमुन्याला गार सुई लागली की तेवढा भाग थंड होऊ शकतो. म्हणून प्रयोगानंतर सुई न फिरलेला शेजारचा भागही तपासतात; दोन्हीकडची वाढ जुळली, तरच ते निरीक्षण धरतात.