ऐपत नव्हती, तर कर्ज दिलं कोणी?

२००८ च्या अमेरिकी मंदीचा विषय निघाला की आमच्या ग्रुपमध्ये कोणीतरी म्हणतंच, "ऐपत नव्हती तर घरं घेतली कशाला?" आधी मीही हेच म्हणायचो. मग अतिफ मियां आणि अमीर सूफी या अर्थतज्ज्ञांचा २००९ चा पेपर वाचला.

त्यांनी केलं काय, तर आम्हा डेटावाल्यांच्या भाषेत दोन टेबलं जोडली. एकात पिनकोडनिहाय गृहकर्ज, दुसऱ्यात तिथल्या लोकांचं उत्पन्न. एरवी कमाई वाढली की कर्ज वाढतं, बरोबर? पण २००२ ते २००५ मध्ये उलटंच दिसलं. जिथे उत्पन्न मागे पडत होतं, तिथेच कर्ज जोरात वाढत होतं.

मग कर्ज देणारे वेडे होते का? अजिबात नाही. त्यांतले बरेच जण ते कर्ज पुढे गुंतवणूकदारांना विकून मोकळे होत होते. फेडणार कोण, ही चिंता त्यांची राहिलीच नव्हती.

आता साधं गणित बघा. घर १ लाख डॉलरचं. २० हजार तुमचे, ८० हजार कर्ज. किंमत २० टक्के उतरली, तर तुमचे २० हजार साफ. कर्ज मात्र जसंच्या तसं. म्हणजे पहिला फटका घर घेणाऱ्याला. आणि २००६ नंतर तिथे किमती पाव हिश्श्याहून जास्त पडल्या. कर्जात बुडालेल्या घरांनी खर्च आवरला, गाड्यांची विक्री घसरली, आणि जिथे घरांचा फुगा नव्हताच अशा गावांतल्याही नोकऱ्या गेल्या.

यावर वादही झाला. २०१६ मध्ये अँटोनेट शोअर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मध्यम आणि वरच्या उत्पन्न गटांनीही भरपूर कर्ज काढलं होतं. म्हणजे खापर फक्त गरिबांवर फोडणं तर आणखीच चूक!

मियां-सूफींनी २०१४ च्या पुस्तकात उपाय सुचवला: परिसरातल्या घरांच्या किमती पडल्या, तर हप्ताही कमी व्हावा. बदल्यात, घर विकून नफा झाला तर थोडा वाटा कर्ज देणाऱ्याला. थोडक्यात, जोखीम दोघांची.

आता ग्रुपमध्ये तो प्रश्न आला की मी उलटा विचारतो: ऐपत नाही हे दिसत असताना कर्ज दिलं कोणी, आणि बुडाल्यावर भरलं कोणी?

विचार करा. भेटू पुढच्या भागात!