साबणाच्या डबीची कुळकथा

आपल्या न्हाणीघरातली जुनी सामग्री कोरडी होती. शिकेकाई, रिठ्याची पूड, हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, दिवाळीत उटणं. परगावी जायचं असलं की लागेल तेवढी पूड कापडाच्या पुरचुंडीत बांधायची आणि मुक्कामी संपवायची. परत येताना ओलं असं काही उरतच नसे. साबणाची वडी आली आणि हे गणित मोडलं. वडी एका आंघोळीत संपत नाही. आंघोळ हे तर निघण्याआधीचं शेवटचं काम, त्यामुळे साबण पिशवीत जातो तो सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात ओला. डबीची गरज इथे सुरू होते.

ही गरज पाश्चात्त्यांना आपल्या आधी भासली. अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये श्रीमंतांच्या प्रसाधनपेटीत साबणासाठी चांदीची गोल डबी असे, कारण त्या काळी साबणाचे गोळे वळत. तिच्या जोडीला तशीच दुसरी डबी स्पंजसाठी, पण तिच्या झाकणाला नक्षीदार छिद्रं. स्पंजला वारा लागतो हे त्या सोनाराला ठाऊक होतं. साबणाला मात्र त्याने बंद ठेवलं, आणि हा घोळ पुढे दोन-अडीचशे वर्षं तसाच चालत आला.

हिंदुस्थानात सनलाइट १८८८ मध्ये कलकत्त्याच्या बंदरात उतरला आणि १८९५ मध्ये लाइफबॉय आला. तरी अनेक घरांत साबणाला लगेच प्रवेश मिळाला नाही. त्यात जनावराची चरबी असते, ही शंका खरीच होती. लालबागला कुलपं बनवणाऱ्या अर्देशीर गोदरेज यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस केवळ वनस्पती तेलांपासून ‘चावी’ छापाचा साबण काढला. तेलाचा साबण जगाला नवा नव्हता, स्पेनमध्ये आणि फ्रान्सच्या मार्सेय शहरात ऑलिव्हच्या तेलाचा साबण शतकानुशतकं होत आला आहे. पण चरबीमुळे ज्या घरांचा उंबरठा साबणाला ओलांडता येत नव्हता, तिथे तो गेला, आणि हे श्रेय मोठं आहे. पुढे पिरोजशा गोदरेज यांनी विक्रोळीत जमीन घेतली आणि घाटकोपर-मुलुंडच्या मधल्या त्या पट्ट्यात साबणाचा कारखाना उभा राहिला. सिंथॉल बाजारात आला तो १५ ऑगस्ट १९५२ रोजी.

वडी अशी घरोघर पोहोचली, पण तिला न्यायचं कशात? वर्तमानपत्राचा कागद ओला होऊन वडीला चिकटे. पंचात गुंडाळली तर पंचाच साबणाचा होई. पत्र्याची डबी गंजून वडीवर तांबूस डाग पाडी. अल्युमिनियमची हलकी आणि न गंजणारी, पण साबण अल्कली असतो आणि अल्युमिनियमला अल्कली मानवत नाही, ते काळवंडतं. परदेशात १८७० नंतर सेल्युलॉइड आलं, त्याचे कंगवे आणि साबणाच्या डब्या बनू लागल्या. दिसायला देखणी वस्तू, पण चटकन पेट घेणारी.

प्लास्टिकच्या डबीचं खरं घर झालं ते मुंबईच्या उपनगरांत, आणि तेही बहुतांशी पश्चिम रेल्वेच्या बाजूला. मुंबईच्या पॉलिकेम कंपनीने १९५७ मध्ये पॉलिस्टायरीन बनवायला सुरुवात केली. देशात लो-डेन्सिटी पॉलिथिलीन १९५९ मध्ये आणि हाय-डेन्सिटी १९६८ मध्ये बनू लागलं. कच्चा माल, म्हणजे धंद्यातल्या भाषेत ‘दाणा’, देशातच मिळू लागला. अंधेरी, गोरेगाव, मालाड, कांदिवली इथल्या औद्योगिक वसाहतींतल्या गाळ्यांत मोल्डिंगची मशीन बसली. सेलोसारख्या नावाची सुरुवातही साठच्या दशकातल्या गोरेगावची, प्लास्टिकच्या बांगड्या आणि बुटांपासूनची. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय प्लास्टिक उत्पादक संघटनेचं कार्यालयही अंधेरीला मरोळच्या एमआयडीसीतच आहे.

डबीसाठी गुंतवणूक लागते ती डायमध्ये, म्हणजे साच्यात. दाणा वितळवून दाबाने डायमध्ये सारायचा, थंड झाला की डाय उघडून डबी काढायची, सोबतचा रनर, म्हणजे वाटेत घट्ट झालेली प्लास्टिकची काडी, तोडून पुन्हा ग्राइंडरमध्ये टाकायचा. माल साधा, पण झाकण डबीवर नेमकं बसेल की नाही हे डाय बनवणाऱ्याच्या हातावर ठरतं. हाताने दांडा ओढून चालवायच्या छोट्या मशीनवरही असा माल निघे. म्हणून स्टेशनबाहेरच्या फेरीवाल्याकडे साबणाची डबी अगदी स्वस्तात मिळू लागली.

या गाळ्यांतल्या पहिल्या डब्या पॉलिस्टायरीनच्या. काचेसारख्या चकचकीत आणि काचेसारख्याच ठिसूळ. पडली की कोपरा गेला. साबणातल्या सुगंधी तेलांनीही हे प्लास्टिक कालांतराने तडकतं. पॉलिथिलीन लवचीक, त्याचं झाकण दाबलं की बसतं, ओढलं की निघतं. पण झाकण वेगळं म्हणजे ते हरवणार. हा प्रश्न सोडवला पॉलिप्रॉपिलीनने. इटलीत ज्युलिओ नात्ता यांनी १९५४ मध्ये ते सिद्ध केलं, आपल्याकडे १९७८ मध्ये बडोद्याला आयपीसीएल कंपनीने बनवायला घेतलं. या प्लास्टिकचा पातळ पट्टा मोडला की त्यातल्या रेणूंच्या साखळ्या एका दिशेने ताणल्या जातात आणि पट्टा तुटण्याऐवजी चिवट होतो. त्यामुळे डबी आणि झाकण एकाच डायमधून, बिजागरीसकट काढता येतं. मला या सगळ्या कथेतला हा सर्वांत सुंदर शोध वाटतो.

तरीही साबण लिबलिबीत होतोच. साबण म्हणजे तेलातल्या स्निग्धाम्लांचे सोडियम क्षार. नव्या वडीतही १० ते १५ टक्के पाणी असतं. त्यात आणखी पाणी मुरलं की वरचा थर घनही राहत नाही आणि द्रवही होत नाही. खोबरेल जास्त असलेला साबण फेस भरभर देतो आणि विरघळतोही भरभर. पेअर्ससारख्या साबणातलं ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढून घेतं. गणपतीला बोरिवलीच्या नॅन्सी कॉलनी डेपोतून कोकणची एसटी धरणाऱ्या चाकरमान्याच्या बॅगेतला साबण म्हणूनच सगळ्यात जास्त गळतो. हवा दमट, रात्रभराचा प्रवास, डबी घट्ट.

डबीत जाळी आली ती यासाठी. वडी तळापासून थोडी उचलली की निथळलेलं पाणी खाली साचतं, साबण त्यात बसत नाही. पण डबीला दोन उलटी कामं सांगितलेली आहेत: पाणी बाहेर येऊ द्यायचं नाही आणि साबण सुकूही द्यायचा. बंद डबीला दुसरं जमणार नाही. ती वाहून नेण्याची वस्तू आहे, ठेवण्याची नव्हे. मुक्कामाला पोहोचताच ती उघडून पालथी करावी आणि वडी वाऱ्याला ठेवावी. अख्ख्या वडीऐवजी अर्धी कापून न्यावी, आदल्या दिवशी कापली तर कापलेली बाजूही सुकते. निघताना वडी कोरड्या फडक्याने टिपावी. जाळी नसलेल्या डबीत वाळलेल्या घोसाळ्याची चकती घालावी. आपल्या आज्या अंग घासायला जी जाळी वापरत तीच ही, धुऊन उन्हात टाकली की पुन्हा कोरडी.

वडीला पर्याय म्हणून लोकलमध्ये फेरीवाले कागदी साबण विकतात, चिमुकल्या डबीत सुगंधी पातळ चकत्या. हात धुवायला चांगले, पण ओल्या बोटांनी एक काढायला गेलं की खालचे चार चिकटतात.

२००६ मध्ये लंडनहून निघणारी विमानं द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट उघड झाला आणि आंतरराष्ट्रीय विमानांत सोबतच्या बॅगेत १०० मिलिलिटरहून मोठी द्रवाची बाटली न्यायला बंदी आली. शाम्पू आणि बॉडीवॉश त्यात अडकतात, साबणाची वडी अडकत नाही. मुंबईत सहारच्या विमानतळावर तपासणीच्या रांगेत पारदर्शक पिशवीत घालावी लागत नाही अशी न्हाणीघरातली ती एक वस्तू, आणि घरात बाटलीतल्या साबणाला सरावलेली मंडळीही निघण्याआधी बाजारात जाळीची डबी मागू लागली आहेत.