ठिपका कसा वाचावा?

मंडळी, अमेरिकेत सहावीच्या गणितात 'डॉट प्लॉट' असतो, हे तिकडच्या आपल्या नातेवाइकांना ठाऊक असेलच. संख्यारेषा आखायची, प्रत्येक नोंदीसाठी एक ठिपका द्यायचा. तीच संख्या पुन्हा आली की ठिपक्यावर ठिपका. झालं! काढायला सोपा, वाचायला मात्र कठीण. ढीग कुठे आहे ते सगळेच सांगतात. रिकामी जागा का आहे आणि तो एकटा ठिपका तिकडे कसा गेला, हे विचारायला मुलांना शिकवावं लागतं.

ही विचारपूस किती मोलाची, ते लंडनच्या डॉ. जॉन स्नो यांच्याकडे पाहून कळतं. १८५४ च्या ऑगस्टअखेरीस सोहो भागातल्या ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास पटकीची साथ आली. सहाशेहून अधिक माणसं गेली. घाणेरड्या हवेने पटकी होते, असा तेव्हाचा समज. स्नो म्हणत, पाण्याने. त्यांनी नकाशावर प्रत्येक मृत्यूसाठी त्या त्या घरापाशी एक काळी रेघ काढली, रेघेवर रेघ. (पुढे अनेक पुस्तकांत त्या रेघांचे ठिपके झाले.) ढीग जमला तो ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती.

पण खरी गंमत रिकाम्या जागांत आहे. पंपाजवळच बिअरचा कारखाना होता, तिथले सत्तरएक कामगार वाचले. ते बिअर पीत आणि कारखान्याची स्वतःची विहीर होती. जवळच्या अनाथ-गरिबांच्या आश्रमात ५३५ माणसं, मृत्यू फक्त ५. तिथेही वेगळी विहीर! उलट, दूर हॅम्पस्टेडला एक विधवा बाई पटकीने गेली. पूर्वी ती ब्रॉड स्ट्रीटवर राहायची. तिथल्या पाण्याची चव तिला आवडे, म्हणून रोज गाडीने पाणी मागवायची.

स्नो यांच्या सांगण्यावरून ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला. साथ तोवर ओसरू लागली होती, हे त्यांनी स्वतःच प्रांजळपणे लिहिलं आहे. नकाशा तर त्यानंतरचा, १८५५ च्या पुस्तकातला. म्हणजे नकाशा पाहून शोध लागला नाही. तो दारोदार फिरून, विचारून लागला. नकाशाने तो इतरांना दाखवला.

असो. तेव्हा नातवंडं ठिपके मांडायला बसली, की सरासरी विचारण्याआधी एखाद्या ठिपक्यावर बोट ठेवून विचारा, "हा कोण रे?" प्रत्येक ठिपक्यामागे एक माणूस असतो.