पांढऱ्या चॉकलेटचे पूर्वज : पुण्याच्या नाताळ-फराळाविषयी

मराठीने ‘चॉकलेट’ हा शब्द स्वीकारला तो बराच सैल अर्थाने. शाळेजवळच्या दुकानातील लिमलेटची गोळी, वाढदिवसाला वर्गात वाटलेली टॉफी, हे सारे आपल्याकडे चॉकलेटच. त्यामुळे ज्यात कोकोचा तपकिरी अंशच नाही अशा पांढऱ्या चॉकलेटचे आपल्याला फारसे नवल वाटले नाही. कोकोच्या बियांतून काढलेले स्निग्ध द्रव्य (म्हणजे कोको बटर), साखर आणि दुधाची भुकटी यांचे हे मिश्रण नेस्ले कंपनीने १९३० च्या दशकात युरोपात बाजारात आणले. त्याला चॉकलेट म्हणावे की नाही, हा वाद पुढे बराच काळ चालला. अमेरिकेत त्याची कायदेशीर व्याख्या २००२ साली ठरली आणि किमान २० टक्के कोको बटर ही अट त्यात आली.

आज पुण्यात डिसेंबरमधील मेजवान्यांसाठी या चॉकलेटचे ट्रफल घरोघरी केले जातात. कृती थोडक्यात अशी : तीन भाग चॉकलेट आणि एक भाग साय किंवा क्रीम, उकळत्या पाण्यावर धरलेल्या भांड्यात मंद आचेवर एकजीव करायचे, गार करायचे, गोळे वळायचे आणि खोबऱ्याच्या किसात किंवा पिठीसाखरेत घोळवायचे. आच वाढली की दूध-साखर करपते. पाण्याचा थेंब पडला की मिश्रण आळून फुटते. कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळते. पुण्यात डिसेंबरच्या रात्री पारा १२ अंशांच्या आसपास उतरतो, त्यामुळे हा पदार्थ हिवाळ्यात सहज जमतो. वैशाखात मात्र तो हातातच वितळू लागेल.

हा पदार्थ सर्वस्वी परका आणि कालपरवाचा आहे काय? घटकांपुरते पाहिले तर तसे म्हणता येईल. परंतु नाताळच्या ताटातील त्याची जागा पाहिली, तर त्या जागी आधीपासून कोणीतरी बसलेले दिसते. गोव्यातून आणि मुंबई-वसईकडून आलेल्या ख्रिस्ती घरांत ‘मिल्क क्रीम’ नावाची पांढरी मिठाई नाताळात होते. दूध आटवायचे, त्यात साखर आणि काजूची पूड घालायची, मिश्रण कडा सोडू लागेपर्यंत ढवळायचे आणि लोणी लावलेल्या साच्यांत दाबून त्याची फुले, पाने, शिंपले पाडायचे. नावात क्रीम असले तरी पदार्थात बहुधा ते नसते. बर्फीशी तिचे नाते इतके उघड आहे की सदाशिव पेठेतील गृहिणीला ही कृती नव्याने शिकवावी लागू नये.

तिच्या शेजारचे मार्झिपान अधिक बोलके आहे. युरोपात ते बदामाचे. आपल्याकडे ते काजूचे झाले. हा काजू पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणला आणि त्याचे नावही त्यांच्याच भाषेतून मराठीत आले. म्हणजे युरोपची मिठाई अमेरिकेच्या फळापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर तयार झाली. उलट दिशेचा प्रवासही त्याच ताटात आहे. गोव्यात नाताळला शेजारी पाठवायच्या फराळाला ‘कोंसुआद’ म्हणतात. त्यातील नेवरी ही आपल्या करंजीची सख्खी बहीण आहे. दिवाळीचे ताट आणि नाताळचे ताट यांच्यात धर्माची सीमा असेल, पाककृतीची नाही.

पुण्याच्या इतिहासलेखनात मात्र ही सीमा नकाशावर आखलेली असते : पेठा मराठी आणि लष्कर, म्हणजे कॅम्प, इतरांचे. ५ नोव्हेंबर १८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर छावणी वसली, १८७८ मध्ये दोराबजी आले, १९५५ मध्ये कयानी बेकरी आली आणि त्यांच्यासोबत केक-बिस्किटांची संस्कृती आली, असा हा नेहमीचा क्रम. तो अपुरा आहे. पेशव्यांच्या सैन्यातील ख्रिस्ती सैनिकांसाठी सवाई माधवरावांनी १७९२ साली दिलेल्या जागेवर नाना पेठेतील ‘सिटी चर्च’ उभे आहे. पुण्याचा नाताळ लष्कराहून पाव शतकाने जुना आहे, आणि तो पेठेत जन्मलेला आहे.

मग तो आपल्या नजरेतून का सुटतो? याचे एक कारण साधनांत आहे. मराठीतील छापील पाकशास्त्राची परंपरा रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या ‘सूपशास्त्रा’पासून (१८७५) सुरू होते आणि कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’पर्यंत (१९७०) येऊन घराघरांत स्थिरावते. नाताळ-फराळाच्या कृती मात्र बहुतांशी हस्तलिखित वह्यांतून, कधी इंग्रजीत, कधी रोमी लिपीतील कोंकणीत, आईकडून मुलीकडे गेल्या. छापील मराठी ग्रंथ एवढेच साधन मानणाऱ्या अभ्यासकाला हे स्वयंपाकघर दिसणार नाही.

मिल्क क्रीम आणि ट्रफल यांतील खरा भेदही येथेच आहे. ट्रफलची भाषा ग्रॅमची आणि अंशांची; वाचून ती कोणालाही साधता येते. ‘कडा सोडू लागेपर्यंत’ हे माप मात्र वहीत लिहिलेले असले, तरी कढईशेजारी उभे राहिल्याशिवाय कळत नाही. कंपाउंडची वडी वितळवून अर्ध्या तासात ट्रफल होत असेल, तर तासभर दूध ढवळणारा हात हळूहळू थांबेल, यात नवल नाही. त्याबद्दल हळहळण्यापेक्षा आपल्या विद्यार्थ्यांनी शेजारच्या घरांतील या वह्या वाचाव्यात, त्यांच्या नकला कराव्यात आणि त्या लिहिणाऱ्या हातांकडून प्रत्येक मापाचा अर्थ विचारून घ्यावा. दलित आत्मकथने आणि स्त्रियांची पत्रे यांना आपण साहित्याच्या अभ्यासात उशिरा का होईना जागा दिली. पाककृतींच्या या वह्यांचीही तीच पात्रता आहे. फरक इतकाच की त्यांच्या शाईवर तुपाचे डाग आहेत आणि त्या फार काळ टिकणाऱ्या नाहीत.