हजार वर्षांपूर्वी वारलेला मित्र

केमिकल किंग या पोराचा मृत्यू मी आधी वाचला आणि त्याचा पुतळा नंतर पाहिला. यात नवल ते काय, असं कुणी म्हणेल. माणूस आधी मरतो, पुतळा नंतर उभा राहतो. पण मृत्यूचा अंक १९७७ चा होता आणि पुतळ्याचा अंक १९६७ चा.

१९८४ साली मी सातवीत होतो. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी पंचर झालेल्या ट्यूबा, पितळी नळ आणि बंद पडलेल्या घड्याळांच्या शेजारी एक जण जुनी अमेरिकी कॉमिक्स पसरून बसायचा. बरीचशी मुखपृष्ठं फाटलेली, पानं मागंपुढं झालेली. माझं इंग्रजी मराठी शाळेतलं, पाचवीत सुरू झालेलं. इंद्रजाल कॉमिक्समधला मराठी बोलणारा वेताळ मला पाठ होता. इथं मात्र शब्दकोश घेऊन बसावं लागे. अंक क्रमानं मिळण्याचा तर प्रश्नच नव्हता. म्हणून मी दोनशे पानी वही केली. कोणत्या अंकात काय घडलं ते पेन्सिलीनं लिहायचं, नवा अंक मिळाला की खोडून योग्य जागी बसवायचं. ती वही आजही माझ्याकडे आहे. पुढे नोकरी सांभाळून कॉमिक्सच्या इतिहासाचा जो काही अभ्यास माझ्या हातून झाला, त्याची सुरुवात त्या वहीत आहे.

वहीतली निम्म्याहून अधिक पानं एकाच मालिकेची आहेत : ‘लीजन ऑफ सुपर-हीरोज’. काळप्रवास करणाऱ्या वीरांची टोळी. या मालिकेतल्या क्लृप्त्या इतक्या वापरल्या गेल्या आहेत की आज त्या कुणाच्या, हेही कुणी विचारत नाही. त्या कुठून आल्या आणि त्यांनी नेमकं काय साधलं, हे इथं मांडायचं आहे.

तीन पोरं आणि एक इतिहासपुरुष

एप्रिल १९५८ ही तारीख छापलेल्या ‘ॲडव्हेंचर कॉमिक्स’च्या २४७ व्या अंकात ही टोळी पहिल्यांदा आली. लेखक ऑटो बाइंडर, चित्रकार अल प्लास्टिनो. सुपरमॅन लहानपणी सुपरबॉय होता आणि स्मॉलव्हिल या गावात क्लार्क केंट या नावानं राहत होता, हे तेव्हाच्या वाचकांना माहीत होतं. या गोष्टीत तीन अनोळखी पोरं गावात येतात आणि त्याला खऱ्या नावानं हाक मारतात. जगापासून लपवलेलं गुपित यांना कसं ठाऊक? कारण ती तिसाव्या शतकातली आहेत. त्यांच्या दृष्टीनं हे गुपित नाही, इतिहास आहे. कॉस्मिक बॉय, सॅटर्न गर्ल आणि लाइटनिंग बॉय त्याला आपल्या काळात नेतात, टोळीत घ्यायचं म्हणून परीक्षा घेतात. कुठं ना कुठं संकट आलेलं असतं, तो गुपचूप ते निवारायला जातो आणि तिन्ही स्पर्धा हरतो. शेवटी कळतं, ही नव्या सभासदाची केलेली थट्टा होती.

गोष्ट बाळबोध आहे. पण तिच्यातला हिशेब पाहा. त्या मुलांच्या लेखी सुपरबॉय हा हजार वर्षांपूर्वी होऊन गेलेला माणूस. तो कसा वाढला, त्याचे आईवडील कधी गेले, हे सगळं घडून संपलेलं. अशा माणसाला ती मुलं आपल्यात बोलावतात, त्याची थट्टा करतात, त्याच्या खांद्यावर हात टाकतात. आपण शिवाजी महाराजांना सुट्टीत घरी बोलावलं आणि अंगणात विटीदांडू खेळलो, तर जे होईल ते इथं होतं.

क्लृप्त्यांची गरज

या मांडणीतून लगेच अडचणी उभ्या राहिल्या. संपादक मॉर्ट वाइझिंगर आणि त्यांचे लेखक एकेक अडचण बुजवत गेले आणि त्यातूनच क्लृप्त्या जन्माला आल्या.

पहिली अडचण घड्याळाची. सुपरबॉय मोठा होऊन सुपरमॅन झाला, त्याच्या काळात त्याची चुलतबहीण सुपरगर्ल आली. १९६० साली लीजनमधली पोरं तिला भेटली तेव्हा त्यांनी सांगितलं, की सुपरबॉयला भेटलेल्या लीजनची आम्ही मुलं. म्हणजे इकडे पंधरा-वीस वर्षं गेली तर तिकडेही तितकीच जायला हवीत, असा सरळ हिशेब. वस्तुतः काळयानातून येणाऱ्याला तसं बंधन कशाला? तो आज १९४० मध्ये आणि उद्या १९६० मध्ये उतरू शकतो. हा हिशेब पुढे मोडीत निघाला आणि सुपरबॉय व सुपरगर्ल दोघंही एकाच लीजनचे सभासद ठरले. भावाच्या आयुष्यात बहीण अजून यायची आहे, आणि तरी दोघं एका बैठकीला शेजारी बसतात!

दुसरी अडचण अशी, की भूतकाळात जाता येतं तर वाईट गोष्टी टाळत का नाहीत? तिचं उत्तर लीजनच्या बाहेरच्या एका गोष्टीत आहे. ‘सुपरबॉय’च्या ८५ व्या अंकात (१९६०) सुपरबॉय अब्राहम लिंकन यांचा खून रोखायला १८६५ मध्ये जातो. तिथं त्याला भविष्यातून आलेला प्रौढ लेक्स ल्यूथर भेटतो. हा आपल्यालाच पकडायला आला, असं समजून ल्यूथर त्याला जखडून ठेवतो आणि तेवढ्यात खून होतो. आपल्या हातून काय घडलं हे कळल्यावर तो खलपुरुषही हादरतो. वाइझिंगर यांच्या काळात नियम असा होता : जाऊन पाहता येईल, बदलता येणार नाही.

तिसरी अडचण सर्वांत नाजूक. सुपरबॉय वरचेवर भविष्यात जातो, तर त्याला स्वतःचं पुढचं आयुष्य कळणार नाही का? ‘सुपरमॅन’च्या १६१ व्या अंकात (१९६३) त्याचे पालक केंट दांपत्य तापानं दगावल्याची गोष्ट आली. साऱ्या शक्ती असूनही तो त्यांना वाचवू शकला नाही. हे आधीच ठाऊक असलेला पोर आईच्या हातचं जेवेल कसा? उत्तर म्हणून मालिकेत एक प्रथा रुळली. तो परत निघाला की मनोविद्या जाणणारी सॅटर्न गर्ल त्याच्या मनावर संमोहनाची आज्ञा ठेवते : तुझ्या भविष्याबद्दल जे कळलं ते घरी पोचल्यावर तुला आठवणार नाही.

आपल्याकडे सहदेवाची लोककथा आहे. त्याला सगळं ठाऊक, पण कुणी विचारल्याशिवाय सांगायचं नाही. इथं एकटा सहदेव नाही, अख्खी टोळी सहदेव आहे.

आधी पुतळा, मग माणूस

चौथी क्लृप्ती पुतळ्यांची. ती आणणारा जिम शूटर हा स्वतःच पोरगा होता. त्याची पहिली लीजनकथा १९६६ साली छापून आली तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. त्याच कथेत त्यानं फेरो लॅड नावाचा सभासद आणला आणि काही महिन्यांत, ३५३ व्या अंकात, सूर्य गिळणाऱ्या संकटापुढे त्याला बळी दिलं. त्याआधी १९६३ साली लाइटनिंग लॅडला (आधीचा लाइटनिंग बॉय) मारून आठ अंकांनी परत उठवलं होतं. फेरो लॅडला तसं उठवलं नाही.

लगेच ३५४-३५५ या अंकांत शूटरनं प्रौढ झालेल्या लीजनची गोष्ट लिहिली. सुपरमॅन जुन्या दोस्तांना भेटायला जातो आणि दिवंगत वीरांच्या दालनात पुतळे पाहतो. त्यांत फेरो लॅड आहे. पण वाचकांनी कधीच न पाहिलेलेही पुतळे आहेत : शॅडो वुमन, केमिकल किंग. केमिकल किंगनं महायुद्ध टाळण्यासाठी प्राण दिला, असं तिथं कळतं.

१९६८ साली हे दोघं मालिकेत जिवंत दाखल झाले, शॅडो वुमन ही शॅडो लॅस या नावानं. पत्रं लिहिणाऱ्या वाचकांना त्यांचा शेवट आधीच ठाऊक होता. केमिकल किंग प्रत्येक मोहिमेवर निघाला की प्रश्न पडे, हीच का ती? दहा वर्षांनी, ‘सुपरबॉय’च्या २२८ व्या अंकात, ती मोहीम आली. तोवर मालिका लिहिणारे हात बदलले होते, तरी एका चौदा-पंधरा वर्षांच्या मुलानं टाकलेला शब्द त्यांनी पाळला. शॅडो लॅसच्या बाबतीत तो पाळला गेला नाही, हेही नोंदवायला हवं.

इथं मला या मालिकेचं मर्म दिसतं. काळप्रवास म्हटलं की आपल्याला भूतकाळ बदलणं आठवतं. १९८१ च्या तारखेनं आलेल्या ‘एक्स-मेन’च्या १४१-१४२ या अंकांत क्लेअरमाँट आणि बर्न यांनी तेच केलं. २०१३ सालचं भयाण भविष्य टाळण्यासाठी केट प्राइडचं मन मागे पाठवलं जातं. तिथं भविष्य हा इशारा आहे, आणि इशारा टाळण्यासाठीच असतो. लीजनमध्ये भविष्य टाळायचं नाही. ज्याचा शेवट आपल्याला माहीत आहे त्याच्याबरोबर आज कसं वागायचं, एवढाच प्रश्न आहे.

हे मला पुस्तकांतून कळलं नाही. २०११ साली माझ्या वडिलांना, अण्णांना, जे दुखणं निघालं त्याला औषध नव्हतं. डॉक्टरांनी आम्हा भावंडांना बाहेर बोलावून सांगितलं. अण्णांना सांगायचं नाही, असं आम्ही दवाखान्याच्या जिन्यातच ठरवलं. पुढच्या दिवाळीला घराला रंग काढायचा त्यांचा बेत होता. पिवळा की मोतिया, यावरून मी त्यांच्याशी चांगला अर्धा तास वाद घातला. तोवर सॅटर्न गर्लचं संमोहन ही मला पोरकट पळवाट वाटत असे. त्या संध्याकाळी वाटलं, ही तर सभ्यता आहे. पुढे अण्णा गेल्यावर दुसराही प्रश्न आला, तो अजून सुटलेला नाही. सुपरबॉयला कुणी विचारलं होतं का? आम्ही अण्णांना विचारलं नव्हतं.

भूतकाळ बदलला

कथेत अशक्य असलेली गोष्ट प्रकाशकाच्या कचेरीत सहज झाली. डीसी कॉमिक्सनं १९८५-८६ मध्ये आपल्या विश्वाची फेरमांडणी केली. १९८६ साली जॉन बर्न यांनी ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये सुपरमॅनचा जन्म नव्यानं लिहिला आणि त्यात ठरवलं, की तो लहानपणी सुपरबॉय नव्हताच. मग १९५८ पासून लीजनमध्ये येत होता तो कोण?

उत्तर देण्याचं काम पॉल लेव्हिट्झ यांच्यावर आलं. हे मुळात वाचक, किशोरवयात कॉमिक्सवर हौशी पत्रिका चालवणारे, मग लीजनचे लेखक. त्यांनी तोड काढली. टाइम ट्रॅपर या खलपुरुषानं एक छोटं वेगळं विश्व बनवलं आणि लीजन दर वेळी नकळत तिथंच जात होती. त्या विश्वातला सुपरबॉय सप्टेंबर १९८७ च्या अंकात आपलं जग वाचवताना मरण पावला. ज्याचं मरण हजार वर्षं जुनं होतं, तो मित्र मंडळींच्या डोळ्यांसमोर गेला. माझ्या मते जुन्या लीजनमधला हा शेवटचा खरा मृत्यू.

कारण त्यानंतर भूतकाळ पक्का राहिलाच नाही. १९९० च्या सुमारास सुपरबॉयची ती आठवणही पुसून त्याच्या जागी मॉन-एल या वीराला ‘व्हॅलर’ म्हणून बसवलं. १९९४ मध्ये सगळी मालिका पहिल्यापासून सुरू केली, २००५ मध्ये पुन्हा एकदा. २००७-०८ मध्ये जॉन्स आणि फ्रँक यांनी सुपरमॅन व लीजनची बालमैत्री परत आणली. यातल्या काही गोष्टी उत्तम आहेत. पण पुतळ्याची क्लृप्ती पुन्हा तशी लागू पडली नाही. पुतळ्याला अर्थ येतो तो घडलेलं पुसता येत नाही म्हणून. पुसायचं रबर लेखकाच्या टेबलावर आहे हे एकदा कळलं, की वाचक रडायच्या आधी थांबून पाहतो.

१९८७ चा तो अंक मला १९९२ साली मिळाला, मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर. घरी येऊन वही उघडली. पानंच्या पानं खोटी ठरली होती. रबर हातात घेतलं, कारण वहीचा नियमच तो होता.

खोडलं मात्र काहीच नाही. त्या पानांवर उजव्या हाताला एक उभी रेघ मारली आणि नवा रकाना केला : ‘नंतर काय सांगितलं’. डावीकडे जे घडलं ते तसंच आहे. केमिकल किंगच्या ओळीत मृत्यूचं साल १९७७ आहे, पुतळ्याचं १९६७. घराला शेवटी आम्ही पिवळा रंग काढला.